आतलं नाव, बाहेरचं नाव
पायथनमध्ये फंक्शनच्या बाहेर 'मोजणी = ०' लिहून फंक्शनमध्ये 'मोजणी += १' केलंस, की फंक्शन चालवताना अनबाउंड लोकल एरर (आतल्या नावाला किंमत मिळण्याआधीच ते वापरल्याची चूक) येणारच. घाबरू नकोस. फंक्शनमध्ये एखाद्या नावाला कुठेही, अगदी शेवटच्या ओळीतही, किंमत दिली की पायथन ते नाव फंक्शनभर लोकल, म्हणजे फक्त त्या फंक्शनपुरतं, धरतं, आणि हे कोड चालण्याआधीच ठरतं. म्हणून वरच्या ओळीत ते नुसतं प्रिंट केलं तरी एरर येते. बाहेरचं नाव फक्त वाचायचं असेल किंवा बाहेरच्या लिस्टला अपेंड करायचं असेल, तर काहीच लागत नाही. बाहेरच्या नावाला आतून नवी किंमत द्यायची असेल, तर 'ग्लोबल' लिहून काम भागतं, पण शक्यतो ते टाळ: किंमत पॅरामीटरने आत घे, रिटर्नने बाहेर दे. फंक्शनच्या आतल्या फंक्शनमधून बाहेरच्या फंक्शनमधल्या नावाला किंमत द्यायला 'नॉनलोकल' आहे. आणि हो, इफ किंवा फॉरला स्वतःचा स्कोप (नाव चालतं तेवढी हद्द) नसतो. लूप संपल्यावरही त्यातलं व्हेरिएबल शेवटची किंमत धरून राहतं.