दहावीच्या मुलांचं सेवाकार्य कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईतली जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांची मुलांची शाळा, दहावीच्या दोन तुकड्या मिळून साधारण १२० मुलं, समाजसेवेची जबाबदारी यंदा तुमच्यावर. वृद्धाश्रमाला भेटी आणि धान्यवाटप करायचं ठरलंय, पण पालक म्हणतात, बोर्डाच्या वर्षी हे कशाला? आणि सुरुवात कुठून करायची, हेही कळत नाहीये.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. दिवाळीनंतर दहावीची मुलं तुमच्या हाती लागणार नाहीत, सराव परीक्षा आणि क्लास सुरू होतात. म्हणजे जुलैचा पहिला आठवडा ते सप्टेंबरअखेर एवढाच काळ आहे. गणपती आणि चाचणीचे दिवस वगळले की दहा शनिवार हाती राहतात. सगळ्या मुलांनी सगळं करायचं, हा हट्ट सोडा. पंधरा-पंधराचे आठ गट पाडा. दोन गट वृद्धाश्रमाला, दोन धान्याला, उरलेले चार पाचवी-सहावीच्या कच्च्या मुलांना शिकवायला. प्रत्येक गट एकाआड एक शनिवारी, म्हणजे पाच वेळा, तेच काम करेल. एकच मुलगा पाच ठिकाणी एकेकदा गेला तर त्याला पाच इमारती दिसतात. एकाच ठिकाणी पाच वेळा गेला तर तिसऱ्या खेपेला तिथले आजोबा त्याला नावाने हाक मारतात, आणि मग पुढच्या शनिवारी जायला त्याला सांगावं लागत नाही.

पालकसभेत हाच हिशोब मांडा: पाच वेळा दीड तास, तीन महिन्यांत साडेसात तास. शाळा आयसीएसई बोर्डाची असेल तर हेही सांगा, की समाजोपयोगी उत्पादक काम आणि समाजसेवा हा तिथे सक्तीचा भाग आहे आणि त्यात उत्तीर्ण श्रेणी नसेल तर उत्तीर्ण प्रमाणपत्र मिळत नाही. जेझुइट संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधल्या वॅलेन्सियात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच या शिक्षणाचं ध्येय आहे. मग सर्वांत मोठ्या वर्गालाच त्यातून सूट देणं मला पटत नाही.

वृद्धाश्रमात मुलांना नेण्याआधी तुम्ही एकटे जाऊन आश्रम सांभाळणाऱ्या सिस्टरांना भेटा. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाला कुठल्या कानाने ऐकू येतं, कोणाला भेटायला आलेलं आवडत नाही, हे विचारून यादी करा. वेळ दहा ते साडेअकरा ठेवा. बाराला जेवण आणि मग वामकुक्षी, त्याच्या आड येऊ नका. लाडू-केक नेऊ नका, मधुमेह असलेले पुष्कळ असतात. न्यायचंच असेल तर काय चालेल ते स्वयंपाकघरात विचारा. सर्दी-खोकला असलेल्या मुलाने त्या शनिवारी घरीच राहायचं. पावसाळ्यात आणखी एक धोका असतो, त्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही: पंधरा मुलांचे तीस ओले बूट आणि पंधरा गळक्या छत्र्या. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडलं आणि कोणी आजी-आजोबा घसरले, तर त्यांच्या वयात खुब्याचं हाड मोडतं. दाराशी छत्र्यांसाठी बादली आणि पाय पुसायला गोणपाट ठेवा.

मुलांना बोलायचं कसं, तेही शिकवावं लागतं. उभं राहून वरून बोलायचं नाही. स्टूल ओढून समोर, डोळ्यांच्या रेषेत बसायचं, आधी आपलं नाव सांगायचं. "तुमची मुलं भेटायला येतात का?" हा प्रश्न अजिबात नको. "तुम्ही काम काय करायचात? कुठल्या धर्मग्रामातले, म्हणजे कुठल्या चर्चचे?" असं विचारलं की वसईची, गोव्याची, बांद्र्याच्या गावठणातली माणसं आपणहून बोलू लागतात. जोड्या लावताना मुलगा किती धीट आहे यापेक्षा त्याला कोकणी, मराठी, इंग्रजी यांतलं काय येतं ते पाहा. नखं कापायला देऊ नका, मधुमेहात छोटी जखमही चिघळते. चाकाची खुर्ची ढकलायची असेल तर आधी शाळेतच सराव घ्या: बसवताना-उठवताना दोन्ही ब्रेक लावलेले, पायपट्ट्या वर उचललेल्या, आणि उतारावरून खाली येताना खुर्ची उलटी, मुलगा उताराच्या बाजूला.

गाणी-नाच एकदा ठीक आहे, पण दर वेळी हाउझी, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर झाकायचा तंबोला, खेळा, ती आपल्याकडे सगळ्यांना येते. फक्त बाजारातली तिकिटं नकोत. त्यांवर तीन ओळींत पंधरा बारीक आकडे असतात, ते दिसत नाहीत. मुलांना जाड पुठ्ठ्याची, वहीच्या पानाएवढी तिकिटं करायला लावा: तीन बाय तीनचे नऊ चौकोन, एक ते तीसपर्यंतचे आकडे, प्रत्येक आकडा निदान दोन सेंटिमीटर उंच, काळ्या मार्करने. आकडे झाकायला बाटल्यांची झाकणं द्या. बटणं किंवा राजमा नको, कोणी तोंडात घातलं तर पंचाईत. आकडा पुकारायचा, मोठ्या कार्डावर दाखवायचा आणि दहापर्यंत मनात मोजून मगच पुढचा काढायचा. मुलांना हे फार सावकाश वाटतं, पण घाई केली की अर्धे लोक खेळ सोडून देतात.

धान्याचं काम सोपं वाटतं, पण चुका तिथेच जास्त होतात. "घरून मूठभर तांदूळ आणा" असं मुळीच सांगू नका. कोलम, उकडा, बासमतीचा तुकडा एकत्र झाला की काही शिजतो, काही कच्चा राहतो आणि ते कोणाच्याच घरात नीट खाल्लं जात नाही. तांदळासाठी पावती देऊन पैसे घ्या आणि एकाच घाऊक दुकानातून २५ किलोची पोती आणा. १०० कुटुंबांना प्रत्येकी पाच किलो म्हणजे २० पोती. बाकी एका पिशवीत तूरडाळ, साखर आणि मीठ प्रत्येकी एक किलो, तेल एक लिटर, चहा पाव किलो. हे मात्र मुलांनी घरून बंद पाकिटांत आणावं, कुठल्या इयत्तेने कुठली वस्तू आणायची ते वाटून द्या. पाचवीला चहा द्या, लहान मुलांना उचलायला हलका. पिशवी सव्वानऊ किलोच्या आसपास भरते, म्हणून कापडी आणि दुहेरी शिवणीची घ्या. तांदूळ तळाशी, तेलाची थैली वेगळ्या पिशवीत गुंडाळून सर्वांत वर. पोती थेट जमिनीवर टेकवू नका. बाकांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि तीन दिवसांत वाटून मोकळे व्हा.

गरजू कुटुंबांच्या नावांची यादी चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेकडून मिळते. ते लोक घरोघर जातात, त्यामुळे गरज त्यांना माहीत असते. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनीच सुरू केली आणि त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता, हे मुलांना जरूर सांगा. पटांगणात रांग लावून वाटप आणि फोटो नकोच. सोसायटीच्या एका सभासदाबरोबर दोन मुलं घरी जाऊन पिशवी देतील.

शिकवण्याच्या गटाला एवढंच सांगा: एका मोठ्या मुलाकडे जास्तीत जास्त तीन लहान, २० मिनिटं मोठ्याने वाचन, २० मिनिटं पाढे आणि हातचे, आणि वर्गाचं दार उघडं ठेवायचं.

वर्गात हिंदू, मुसलमान, जैन मुलंही असणार. सेवा सगळ्यांची एकत्र ठेवा, प्रार्थना ज्याची त्याची. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, असं संविधानाचं कलम २८(३) सांगतं.

परतल्यावर त्याच दिवशी पंधरा मिनिटं वही काढा. आज कोणाशी बोललो, काय अवघड गेलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन. तारीख, तास, काम, शिक्षकाची सही, बस. लिहिलेल्या मजकुराला गुण देऊ नका, नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात.

शेवटचं राहतं ते निरोपाचं. परीक्षा जवळ आली म्हणून मुलं अचानक बंद झाली, तर आश्रमातली माणसं शनिवारी दाराकडे बघत बसतात. म्हणून चौथ्या भेटीतच सांगून टाका की अजून एकदाच येणार. त्या आणि पाचव्या भेटीत नववीची दोन-तीन मुलं सोबत न्या, आणि निघताना हाउझीच्या तिकिटांचा डबा आणि कोणाला कुठल्या कानाने ऐकू येतं ती यादी त्यांच्या हाती सोपवा.