आमदाराचं मत पक्षाला दिसतं, मग मतदाराला का नाही?

आमदार-खासदारांनी प्रत्येक विधेयकावर काय मत दिलं ते नोंदवून जाहीर करणं सक्तीचं असावं का, आणि सगळे पक्षाच्या व्हिपप्रमाणेच, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या पक्षादेशाप्रमाणेच, वागत असतील तर त्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय.

सक्तीचं असावं. व्हिप आहे म्हणून तर जास्तच.

मी पुण्यात राहतो. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे घरोघर कार्यअहवाल येतात. गुळगुळीत कागद, ड्रेनेज लाइन, ओपन जिम, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, उद्घाटनाचे फोटो. आमदाराचं मूळ काम कायदे करण्याचं. पण या साहेबांनी पाच वर्षांत कुठल्या कायद्याला पाठिंबा दिला, कुठल्याला विरोध केला, याची एक ओळ त्यात नसते. विचारायला गेलं तर उत्तर शोधायला जागाही नसते, कारण बहुतेक वेळा तशी नोंदच झालेली नसते.

बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, विधेयक संमत. कुणी पोल, म्हणजे मतविभाजन, मागितलं तरच एकेक मत मोजलं जातं. 10 जुलै 2025 ला विधानसभेने जनसुरक्षा विधेयक (कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठी आणलेलं) असंच मंजूर केलं. ज्या विधेयकावर राज्यभर आंदोलनं झाली, त्यावर डहाणूचे माकप आमदार विनोद निकोले यांचा उघड विरोध बातम्यांत आला. बाकीच्यांपैकी कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण सभागृहातच नव्हतं? पुण्यातल्या कोथरूड, पर्वती, हडपसरच्या मतदाराला हे नावानिशी सांगणारी मतांची यादी नाही. सभागृहाची गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एकदशांश, म्हणजे 288 पैकी 29. आवाजी मतदानात हजर किती होते हेसुद्धा मागे उरत नाही.

राज्यसभेत 20 सप्टेंबर 2020 ला कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितलं होतं, तरी ती गोंधळात आवाजी मतदानानेच संमत झाली. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले, कायदे मागे घ्यावे लागले. त्या दिवशीचा मतांचा आकडा मात्र आता कधीच कळणार नाही. याचा मला आजही राग येतो.

आता व्हिपचं. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणून पक्ष आपल्या माणसाच्या मतावर डोळा ठेवून असतो. राज्यसभेच्या निवडणुकीत तर 2003 पासून आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. मत नोंदवलं तर आमदारांवर दबाव येईल असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्याच्या दबावाची भीती आहे त्याला सगळं आधीच दिसतं. दिसत नाही ते फक्त ज्याने निवडून दिलं त्याला.

शिवाय नोंदीतून केवळ होय-नाही कळतं असं नाही. 4 जुलै 2022 ला शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव शिरगणतीने झाला, 164 विरुद्ध 99. अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासह काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोचले आणि मतदानाला मुकले. त्यांना लोकांपुढे कारणं द्यावी लागली. हाच ठराव आवाजी मतदानाने झाला असता तर त्या रिकाम्या जागा कुणाच्या हिशेबात आल्या असत्या? 12 नोव्हेंबर 2014 ला फडणवीस सरकारने विश्वासमत आवाजी मतदानानेच मिळवलं होतं, आणि बहुमत नेमकं कुणाच्या जोरावर आहे हा वाद नंतर चालत राहिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातलं बहुमत गुप्त मतदानाने न घेता थेट प्रक्षेपणासह सिद्ध करायला सांगितलं, ते मला फार योग्य वाटलं. सरकार टिकवायला जे लागू पडतं ते कायदा करताना का नको?

वेळ जातो ही तक्रार मला पटत नाही. लोकसभेत बटण दाबून मत नोंदवता येतं. युरोपीय संसदेत कायद्यावरचं अंतिम मतदान नावानिशीच होतं. आपल्याकडे प्रत्येक किरकोळ प्रस्तावावर हा खटाटोप नको, पण विधेयकाच्या अंतिम मंजुरीला आणि अर्थसंकल्पाला हवाच. यादीत बाजूने, विरोधात, तटस्थ आणि गैरहजर असे चार रकाने असावेत. ती त्याच दिवशी, मराठीत, मतदारसंघाच्या नावासह विधिमंडळाच्या संकेतस्थळावर यावी.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कलम 208 नुसार विधिमंडळ स्वतःचे नियम स्वतः करतं. डिसेंबर 2021 मध्ये अध्यक्षांच्या निवडीतलं गुप्त मतदान काढून टाकायचं ठरलं, तेव्हा विधानसभेने आपला नियम एका अधिवेशनात बदलला होता. त्यामुळे तुमच्या आमदाराला सभेत, चौकात, जिथे गाठता येईल तिथे एवढंच विचारा: नावानिशी मतनोंदणीचा नियम करावा असा प्रस्ताव तुम्ही स्वतः मांडाल का?