बेली डान्सचा क्लास लावून शरीराला-मनाला खरंच काही फायदा होतो का? पोट कमी होतं का?

पोटाचं नंतर सांगते, आधी हे वाचा.

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी दिवसभर पोट आत ओढून वावरायचे. फोटोत, लिफ्टमध्ये, अगदी घरात कोणी नसलं तरी. श्वास छातीतच अडकायचा आणि कंबर कायम धरलेली. क्लासमध्ये पोटाची लाट शिकवायला घेतली, म्हणजे छातीपासून ओटीपोटापर्यंत एकेक भाग क्रमाने बाहेर-आत, तर माझं काही हलेचना. टीचर म्हणाल्या, आधी पोट सोड, आवळून धरलेला स्नायू हलणार कसा? समोर आरसा, बाजूला अनोळखी बायका, आणि मी पोट सोडलं. रडूच आलं मला. कोणी वळून बघितलंही नाही, प्रत्येकजण आपापल्या कमरेत गुंतलेली. त्या दिवशी रस्त्याने पोट तसंच सैल ठेवून चालले आणि किती वर्षांनी खोल श्वास घेतला. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा, बाकीचं सगळं याच्या मागून येतं.

शरीराचं म्हणाल तर खांदे स्थिर ठेवून फक्त कंबर हलवायची, मग कंबर स्थिर ठेवून फक्त छाती, याने पोटाचे आतले स्नायू, कुशीतले तिरके स्नायू, पाठीचा खालचा भाग सगळं कामाला लागतं. शिमी, म्हणजे कमरेची भराभर थरथर, गुडघ्यांतून येते आणि अख्खं गाणंभर धरली की मांड्या पेटतात. माझी कंबरदुखी गेली, उभं राहायची ढब बदलली. वजन फारसं नाही उतरलं, फक्त त्यासाठी जाणार असाल तर खाण्याकडे बघा. आणि डोकं शांत होतं ते वेगळंच, कारण दरबुक्याचा, म्हणजे अरबी ढोलाचा, दुम (जड ठोका) कुठे पडतोय, टेक (बारीक ठोका) कुठे, हे ऐकून कंबर टाकायची असते, त्यात घरातल्या कटकटी आठवायला जागाच उरत नाही.

हे सगळं माझ्या ताईला आजही पटत नाही. 'पुरुषांना दाखवायचा नाच, दोन मुलांच्या आईने करायचा?' असं तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं. ताई, इजिप्तमध्ये लग्नाकार्यात घरातल्या बायका, पोरी, आज्या एकमेकींसोबत नाचतातच की. मणी-झालरींचा दोन तुकड्यांचा पोशाख हा स्टेजवरचा मामला. बदिया मसाबनी या नर्तकीने १९२६ मध्ये कैरोत क्लब काढला, तिच्याकडे तहिया कारियोका, सामिया गमाल या नर्तकी पुढे आल्या आणि स्टेजचा नाच घडत गेला. आणि समजा स्टेजवरचाच धरला तरी त्यात लाज कसली, ती मेहनतीची कला आहे. आमच्या क्लासमध्ये तर लेगिंग, टीशर्ट आणि कमरेला घुंगरांचा स्कार्फ, बस्स.

हो, एक राहिलं. गरोदर असाल, डिस्कचा त्रास असेल, अंग बाहेर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघे ताठ आणि पाठीला बाक देऊन नाचलात तर कंबर उलट जास्त दुखेल, म्हणून पहिल्याच दिवशी उभं कसं राहायचं हे न शिकवणारा क्लास सोडून द्या.

आणि घरच्यांची परवानगी वगैरे मागत बसू नका. ज्यांना हा व्यायाम वाटत नाही त्यांनी गुडघे सैल ठेवून, श्वास न रोखता पाच मिनिटं शिमी करून दाखवावी, मग बोलावं. ताईने अजून केलेली नाही.