ट्यूनासाठी रीळ किती मोठे घ्यावे? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त बॉस्टनला असतो. लहानपणी तो माझ्यासोबत इसापूरच्या जलाशयावर गरी टाकायला येत असे आणि ती आवड त्याने तिकडेही जपली आहे. आता मित्राच्या बोटीतून केप कॉडच्या समुद्रात ब्लूफिन ट्यूना धरायला जाण्याचे त्यांचे ठरत आहे. दुकानदाराने त्याला 30, 50, 80 आणि 130 असे आकडे असलेली रिळे दाखवली, तर कोणी 14000 आणि 20000 ची सुचवली. वापरलेले एक 130 चे रीळ स्वस्तात मिळते आहे. माझ्याकडे 4000 चे रीळ आहे, त्यावर मी दहा किलोंचा कटला काढला आहे. येत्या दिवाळीला आला की तेही सोबत नेऊ का, असे तो विचारतो. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपले 4000 चे रीळ इसापूरलाच राहू द्यावे. कटला, रोहू आणि मरळ यांच्यासाठी ते योग्यच आहे. परंतु त्यावर साधारण दीड-दोनशे मीटर तंगूस मावते आणि ब्लूफिन पहिल्याच धावेत तेवढी घेऊन जाऊ शकतो.

आकड्यांचा घोळ आधी दूर करू. 30, 50, 80, 130 हे आकडे फिरत्या स्पूलच्या (स्पूल म्हणजे दोरी गुंडाळण्याची चकरी), म्हणजे बोटीवरून दोरी मागे ओढत नेण्याच्या रिळांचे आहेत आणि ते दोरीची ताकद पौंडांत सांगतात. 80 चे रीळ 80 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 36 किलोंवर तुटणाऱ्या दोरीसाठी घडवलेले असते. 30 चे साडेतेरा किलोंच्या, 50 चे पावणेतेवीस किलोंच्या आणि 130 चे 59 किलोंच्या दोरीसाठी. याउलट 4000, 14000, 20000 हे आकडे आपल्याकडे वापरतात त्या स्थिर स्पूलच्या रिळांचे असून त्यांचा पौंडांशी काहीही संबंध नाही. कंपनीने आपल्या मालिकेतील लहानमोठेपणा दाखवण्यासाठी ते दिलेले असतात. म्हणून या दोन मालिकांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

रीळ ही निवडीतील शेवटची गोष्ट आहे, आणि बहुतेक जण ती पहिली करतात. मासा किती मोठा अपेक्षित आहे, हे आधी ठरवावे. त्यावरून दोरी ठरते, दोरीवरून ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी धरून धरून सोडणाऱ्या रिळातील ब्रेकचा, ताण ठरतो आणि तो ताण सोसून पुरेशी दोरी ज्यावर मावेल ते रीळ आपोआप समोर येते.

माशाच्या आकाराचा प्रश्न केप कॉडच्या बाबतीत विशेष अवघड आहे, कारण तेथे वीस-तीस किलोंची पिल्ले आणि तीनशे किलोंचे धिप्पाड मासे एकाच हंगामात, कधी कधी एकाच पाण्यात असतात. अटलांटिक ब्लूफिनचा गळावरचा जागतिक विक्रम 679 किलोंचा आहे. 26 ऑक्टोबर 1979 रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर केन फ्रेझर यांनी तो मासा धरला. एवढ्या माशाची तयारी आपल्या पुतण्याने करण्याचे कारण नाही. अमेरिकेत हौशी मासेमारीसाठी मित्राच्या बोटीच्या नावावर तेथील केंद्रीय मत्स्य विभागाचा परवाना लागतो आणि त्या परवान्यावर सर्वसाधारणपणे 27 इंचांपासून 73 इंचांच्या आतले, म्हणजे अंगाच्या वळणावरून मोजून सुमारे 69 ते 185 सेंटिमीटर लांबीचे मासेच ठेवता येतात. त्याहून मोठ्या माशांवरच्या मर्यादा फार कडक आहेत, धरलेला मासा विकता येत नाही आणि हंगामाच्या मध्येही हे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याच्या दिवशी ते पुन्हा वाचावेत. 73 इंचांचा मासा शंभर किलोंच्या आसपास भरतो. रीळ शोधायचे ते इतक्या माशासाठी.

आता ताणाचे पाहू. मासा गळाला लागतो त्या क्षणी ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका लावलेला असावा, हा जुना आणि पारखलेला नियम आहे. तिसरा हिस्सा धरला तर 30 च्या दोरीला साडेचार किलो, 50 च्या दोरीला साडेसात, 80 च्या दोरीला 12 आणि 130 च्या दोरीला जवळपास 20 किलो ताण येतो. इतकी मोकळी दोरी का सोडायची, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण रिळाच्या आकारातच आहे, आणि माझ्या मते मोठे रीळ घेण्याचे खरे कारणही तेच आहे.

ड्रॅगची पकड स्पूलच्या आसाभोवती असते, परंतु दोरी सुटते ती वेढ्याच्या कडेवरून. दोरी जसजशी बाहेर जाते तसतसा वेढा लहान होतो आणि ड्रॅगला हातही न लावता दोरीवरचा ताण वाढत जातो. भरलेल्या स्पूलवर 12 किलो ताण लावला असेल आणि वेढ्याचा व्यास दोन तृतीयांश उरला, तर तो 18 किलो होतो; निम्मा उरला तर 24 किलो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या शेकडो मीटर दोरीचा स्वतःचा अडसर मिळतो, आणि तो कोणत्याही काट्यावर आधी मोजता येत नाही. मासा लांब गेल्यावर दोरी तुटते ती बहुधा यामुळे. शिवाय संक्रांतीला चकरीवरचा मांजा संपत आला की तेवढाच मांजा गुंडाळायला जास्त फेरे द्यावे लागतात, तसेच रिकाम्या होत आलेल्या रिळाचे होते. मासा सर्वांत दूर असतानाच हाताचे काम सर्वांत जास्त वाढते. मोठ्या रिळावर तेवढीच दोरी सुटली तरी वेढा फारसा उतरत नाही. म्हणून ‘किती मीटर दोरी मावते’ यापेक्षा ‘तीनशे मीटर गेल्यावर स्पूल किती भरलेले राहते’ हे दुकानदाराला विचारावे.

विणलेल्या दोरीने मात्र हे गणित बरेच बदलले आहे. 80 पौंडांची साधी तंगूस जवळपास एक मिलिमीटर जाड असते, तर तितक्याच ताकदीची विणलेली दोरी त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे त्याच स्पूलवर ती सुमारे चौपट मावते. पूर्वी ज्या माशासाठी 80 चे रीळ लागे, त्यासाठी आज 50 चे रुंद रीळ पुरते. त्यावर आधी थोडी साधी तंगूस गुंडाळावी, म्हणजे विणलेली दोरी गुळगुळीत स्पूलवर घसरत नाही, आणि टोकाला पुन्हा तंगूस जोडावी, कारण विणलेली दोरी ताणत नाही आणि माशाचा झटका सरळ गाठीवर येतो. चालू दोरीला उघडा हात कधीही लावू नये. ती हाताचे बोट कापते.

बोटीमागे आमिष ओढून मासेमारी करायची असेल, तर माझे स्पष्ट मत 50 च्या रुंद स्पूलच्या, दोन गतींच्या रिळाला आहे. वरच्या गतीत मुठीच्या एका फेऱ्याला स्पूल अडीच-तीन वेळा फिरून ढिली पडलेली दोरी लवकर आत घेते, आणि मासा बोटीखाली जाऊन जड झाला की खालच्या गतीत तीच मूठ सहज फिरते. ही दुसरी गती नसलेले रीळ ब्लूफिनसाठी घेऊ नये. पृष्ठभागावर उसळणाऱ्या लहान माशांवर आमिष फेकायचे असेल तर 14000 चे, आणि मध्यम माशांवर 18000 ते 20000 चे स्थिर स्पूलचे रीळ ठीक राहील. मात्र त्याच्या डब्यावर छापलेला पंचवीस किलोंचा ड्रॅग पाहून भुलू नये, कारण उभ्या माणसाला दहा-बारा किलोंचा ताण फार वेळ पेलवत नाही.

स्वस्तात मिळणारे 130 चे रीळ घेऊ नये. ते एकटेच चार किलोंहून जड असते, त्याचा 20 किलोंचा ताण बोटीत बसवलेल्या खुर्चीशिवाय किंवा भक्कम पट्ट्याशिवाय वापरता येत नाही, आणि ते ज्या माशासाठी आहे तो मासा त्यांना बहुधा ठेवताच येणार नाही. तरीही जुने रीळच घ्यायचे झाले तर ड्रॅग मोजून घ्यावा. आपल्याकडे शेतात वेचलेला कापूस मोजायला लटकता काटा वापरतात, तसा काटा दोरीच्या टोकाला अडकवून हळूहळू ओढावा. आकडा स्थिर राहून दोरी सलग सुटली पाहिजे; काटा हिसके देत वरखाली होत असेल तर ड्रॅगच्या चकत्या गेल्या आहेत.

लहान रिळावर मोठा मासा खेळवण्यात पुरुषार्थ आहे, असे मानणारे काही असतात. ते मला मुळीच पटत नाही. ब्लूफिन स्नायूंतली उष्णता रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यात राखून ठेवतो, म्हणून थंड पाण्यातही तो जबर जोराने पळू शकतो. पण दीर्घ झुंजीत त्याचे अंग फार तापते आणि स्नायूंत आम्ल साचते. तो ठेवला तर मांस खराब झालेले निघते आणि सोडला तर जगण्याची शक्यता घटते. म्हणून चुकून महाकाय मासा लागलाच, तर बोट त्याच्यामागे नेऊन अंतर कमी करावे, आणि तासाभरात तो आवरत नसेल तर दोरी शक्य तितकी माशाजवळून कापावी.

खरेदीपूर्वी आपल्या पुतण्याने एकदा भाड्याच्या परवानाधारक बोटीवर जावे. तेथे रिळे बोटीचीच असतात आणि प्रवाशांना वेगळा परवाना काढावा लागत नाही. 50 आणि 80 दोन्ही हातात घेतल्यावर त्याचा निर्णय सोपा होईल.

प्रश्न : रत्नागिरीला मित्राकडे जाणार आहे. तेथे ब्लूफिन मिळेल का आणि कोणते रीळ न्यावे?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : ब्लूफिन कोकणच्या किनाऱ्यावर मिळत नाही. तेथे गेदर आणि पिवळ्या पराचा कुपा हे ट्यूनाचेच भाऊबंद मिळतात. किनाऱ्याजवळच्या गेदरसाठी 5000 ते 6000 चे स्थिर स्पूलचे रीळ पुरते; खोल समुद्रात कुप्यासाठी जायचे असेल तर 30 चे, दोन गतींचे. नवेगावबांधच्या गोड्या पाण्यात वापरलेले रीळ समुद्रावर नेले तर परतल्यावर त्याच संध्याकाळी ड्रॅग घट्ट करून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, पुसून सावलीत वाळवावे आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत.