घाटात ड्युटी लागलीय म्हणून

बाळा,

काल कळवा स्टेशनच्या पुलावर तुझी आई भेटली, म्हणाली कर्जत-लोणावळ्याला ट्रॅकमन म्हणून लागलास आणि पावसात नाइट पेट्रोलिंग आहे. रात्रभर तुझाच विचार डोक्यात होता, म्हणून लिहितोय.

आपल्याकडून पारसिकचा डोंगर दिसतो ना, तसलाच काळा दगड घाटात, थरावर थर, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा. भेगेत पाणी शिरतं, माती धुऊन नेतं, झाडांची मुळं फट रुंद करतात आणि दगड सुटतो, पाऊस उघडल्यावरसुद्धा सुटतो. म्हणून कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेत तिथे, बॅटरी नुसती रुळावर नको, वर कड्यावरही मार. स्वच्छ वाहणारं पाणी गढूळ झालं किंवा गटारात नारळाएवढा नवा दगड दिसला की तिथेच थांब, वर बघ.

आता मेन गोष्ट. रुळावर दगड दिसला की हात लावायचा नाही, आधी गाडी थांबवायची. नवीन असताना मी पहारेने ढकलत बसलो, वळणावर मालगाडीचा हेडलाइट दिसला आणि बॅटरी कुठे ठेवली तेच आठवेना. अंधारात चाचपून सापडली, तिचा लाल दिवा लावला, गाडी दगडाच्या दोन डबे अलीकडे थांबली. अजून अंगावर काटा येतो.

पहिली गाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला लाल बॅटरी दाखवत पळ. 600 मीटरवर एक फटाका (रुळाला बांधायचा, चाक वर आलं की मोठ्याने वाजतो आणि ड्रायव्हर सावध होतो), 1200 मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. तुझ्या त्या भोर घाटात 37 ला 1 उतार, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर खाली, वरून येणारी गाडी पटकन थांबत नाही रे. आणि लाइनी तीन, अप, डाऊन, मिडल, दगड एकीवर दिसला तरी बाकीच्या मोकळ्याच आहेत असं धरू नकोस.

22 जून 2003 ला वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळावर आली, रात्रीची कारवार-मुंबई गाडी त्यावर आदळली, पन्नासच्या आसपास माणसं गेली. तेव्हापासून पेट्रोलिंगच्या पोरांना मी हेच सांगत आलोय.

रविवारी ये. फटाक्याच्या पट्ट्या रुळाला कशा वळवायच्या ते पत्र्याच्या तुकड्यावर दाखवतो, डोळे मिटून, हात ओले करून करायचं, जमेपर्यंत सोडणार नाही.

तुझा काका