इजिप्तच्या थडग्यांतली साधी मातीची भांडी संग्रहालयात कशासाठी ठेवतात?

ममी आणि सोनं बघायला मिळत असताना या मडक्यांपुढे का थांबायचं, असं तुम्ही विचारलंय. मी तर म्हणेन, वेळ कमी असेल तर आधी मडकीच बघा.

लंडनच्या पेट्री संग्रहालयात इजिप्तमधल्या काव इथल्या थडग्यातला एक मातीचा वाडगा आहे. चार हजारांहून जास्त वर्षं जुना. शेप्सी नावाच्या माणसानं त्यावर शाईनं दोन पत्रं लिहिलीत : आतल्या बाजूला वडिलांना, बाहेरच्या बाजूला आईला. दोघंही तेव्हा वारलेले. वडिलांकडे मालमत्तेचं गाऱ्हाणं आहे. आईला मात्र तो आधी आठवण देतो : तू लावे पक्षी मागितलेस, मी सात आणून दिले, तू खाल्लेस. आता तुझ्या देखत भाऊ मला छळतोय; मग तुला पाणी कोण घालणार? आणि हा छळणारा भाऊ, सोबेकहोतेप, तोही मेलेलाच! त्याला परगावाहून आणून, कफनाची वस्त्रं देऊन, शेप्सीनंच त्याच्या गावात पुरलेलं.

पत्र वाडग्यावरच का, तर त्यात ठेवलेलं अन्न घ्यायला आलेल्या मृताच्या नजरेला ते पडावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. सोन्याच्या मुखवट्यापुढे मी थक्क होतो, पण या वाडग्यावरचा माणूस मला ओळखीचा वाटतो.

ज्या मडक्यांवर अक्षरही नाही, त्यांचं मोल वेगळं. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1894-95 मध्ये इजिप्तमधल्या नकादा इथं दोन हजारांहून जास्त कबरी खणल्या. त्या पिरॅमिडांच्याही आधीच्या, पण तेव्हा हे खुद्द पेट्रींनाही उमगलं नव्हतं. काळ सांगणारा लेख नाही, राजाचं नाव नाही. पुढे त्यांनी मडक्यांच्या घडणीवरूनच कबरींचा क्रम लावला. एका प्रकारच्या मडक्याला आधी धरता येतील असे नागमोडी कान होते. पुढे ते कान चपटे होत गेले आणि शेवटी अंगावर नुसती नक्षीची रेघ उरली. रेघ असलेलं मडकं नंतरचं, म्हणून त्याच्या सोबतच्या वस्तूही नंतरच्या. या क्रमातल्या पायऱ्यांना त्यांनी आकडे दिले, पण पहिली पायरी 1 नव्हे, 30 धरली, कारण याहून जुनं काही सापडलं तर मागे जागा हवी. पुढे इजिप्तमध्येच बदारी इथं तसं सापडलंही.

म्हणून मडक्यावर शाईनं लिहिलेला आकडा दिसला तर तो जरूर बघा. बरेचदा तो खणणाऱ्यांनी टाकलेला कबरीचा क्रमांक असतो. तो पुसला गेला, तर हे मडकं कुणासोबत आणि कशाशेजारी ठेवलं होतं हे कळायची वाटच बंद होते.