वकील कुणाचा, ते आधी विचार

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज वाचला. फौजेतून रजेवर घरी येताना मित्राची गाडी ऊसाच्या ट्रॉलीवर आदळली, मांडीत रॉड, पायावर वजन टाकायचं नाही, आणि त्यात तीन माणसं तुला तीन बाजूंनी ओढतायत. युनिटातले सिनियर म्हणतात, "जॅग ब्रँच, फौजेचं कायद्याचं खातं, आहे ना, वकील कशाला?" गाडी चालवणाऱ्या तुझ्या मित्राचे मामा म्हणतात, "आमच्या ओळखीतला वकील आहे, एक रुपया देऊ नका, क्लेम मिळाला की पंचवीस टक्के." वडील म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. आणि तू मला विचारतोस, कुणाचं ऐकू?

आधी वडिलांचं संपवतो. ती म्हण बांधावरून भाऊबंदांशी भांडणाऱ्यांसाठी आहे. चोविसाव्या वर्षी ज्याची मांडी मोडली, त्यानं पायरी चढायची नाही तर काय विमा कंपनी मिठाई घेऊन घरी येणार आहे? उरलेल्या दोघांना एकच प्रश्न विचार: तुम्ही म्हणता तो वकील कुणाचा?

जॅग ब्रँच फौजेची. कमांडरला कायद्याचा सल्ला द्यायचा, कोर्ट मार्शलचं काम बघायचं, फौजेवर कुणी केस केली तर फौजेची बाजू तपासायची, हे तिचं काम. मी आयुष्य क्लर्कच्या खुर्चीत काढलं, जॅगच्या साहेबांची पत्रं टाईप केली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण जॅगचा मेजर बेळगावच्या क्लेम कोर्टात विमा कंपनीच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला येत नाही. ते त्याचं कामच नाही. उद्या ऊसाच्या ट्रॅक्टरऐवजी फौजेच्याच ट्रकला तुमची गाडी धडकली असती, तर समोरच्या बाजूला भारत सरकार असतं आणि जॅगचा सल्ला तिकडे गेला असता. वकील तुझा पाहिजे. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

पण फौजेकडे तुझं काहीच काम नाही असंही समजू नकोस. तुझी दोन प्रकरणं आहेत आणि तू ती एकात कालवून बसलायस. पहिलं फौजेतलं: इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची चौकशी), मेडिकल बोर्ड, कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा). तिथे युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसशिवाय पान हलत नाही. तू वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासाच्या कागदावर, आलास, रजेचा पहिला दिवस, बेळगाव स्टेशनवरून घरी निघालेला. रजेच्या गावी जाताना किंवा तिथून परतताना झालेला अपघात, प्रवास सरकारी खर्चाचा असेल तर, नोकरीशी जोडलेला धरायची तरतूद पेन्शनच्या नियमांत आहे. घरी पोचून मग संकेश्वरच्या बाजाराला जाताना लागलं असतं, तर तेच सिद्ध करताना नाकीनऊ आले असते. म्हणजे तुझं सगळं भवितव्य त्या लीव्ह सर्टिफिकेटवर आणि वॉरंटवर अडलंय, आणि तू लिहितोस की ते दोन्ही बहुतेक गाडीतल्या बॅगेत राहिले! बॅग कुठे आहे? आजच भावाला पाठव. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात असेल तर रीतसर अर्ज देऊन सामान ताब्यात घेऊ दे.

दुसरं प्रकरण क्लेमचं, मोटार अपघात न्यायाधिकरणातलं. त्याचा फौजेशी संबंध एवढाच की तुझा पगार किती आणि कॅटेगरी काय, हे कागद तिथून आणायचे. बाकी लढाई विमा कंपन्यांशी. आणि इथेच मित्राचे मामा येतात.

नीट बघ. हत्तरगीच्या पुढे ऊसाची ट्रॉली दिव्याशिवाय, रिफ्लेक्टरशिवाय उभी. सीझनमध्ये निपाणीपासून बेळगावपर्यंत रोज रात्री हेच चित्र. मित्राची गाडी मागून आत घुसली. आता ट्रॅक्टरची विमा कंपनी म्हणणार, कारवाला बेफाम होता, मागून येऊन आदळला. कारची विमा कंपनी म्हणणार, दिवा नव्हता, ट्रॉली दिसली कशी असती? तू चालवत नव्हतास, बाजूला बसला होतास. चूक अर्धी याची, अर्धी त्याची असली तरी तुझी शून्य. 2015 च्या खेन्येई प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अशा वेळी जखमी माणूस दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. आपसात वाटणी ते नंतर करतील. म्हणून तुझ्या वकिलानं दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या, सगळ्यांना केसमध्ये प्रतिवादी करायला हवं.

मामांनी आणलेला वकील करेल का तसं? त्यानं तुझ्या मित्राचंही वकीलपत्र घेतलंय, हे तूच लिहिलंयस. मित्राची काहीच चूक नव्हती हे दाखवणं हे त्याचं त्या केसमधलं काम. मग तुझ्या केसमध्ये तोच माणूस मित्राच्या गाडीचा विमा कसा ओढून आणणार? एकाच बैलाला दोन उलट दिशांच्या गाड्यांना जुंपलंय. बैलाची चूक नाही, जुंपणाऱ्याची आहे.

मित्राचं वाईट वाटतंय, माहीत आहे. भरपाई त्याच्या खिशातून जायची नाही, पॉलिसी पॅकेज (गाडीत बसलेल्यांनाही धरणारी) असेल आणि लायसन्स चालू असेल तर विमा कंपनी देईल. नुसती थर्ड पार्टी असेल तर खासगी गाडीत फुकट बसलेल्याला ती धरत नाही, म्हणून पॉलिसीची प्रत आत्ताच माग. देताना तो कां-कूं करू लागला तर मैत्री किती खोल आहे तेही कळेल. आणि पोलिसांना जबाब देताना खरं ते सांग, ना मित्राला वाचवायला, ना बुडवायला. एफआयआर कन्नडमध्ये आहे. घरात कुणाला वाचता येत नसेल तर हायस्कूलच्या सरांकडून ओळ न ओळ वाचून घे. फिर्याद देणाऱ्याची सही असते, पण तपासात पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहितात त्यावर सही घेत नसतात. तेव्हा कुणी "जबाब" म्हणून टाईप केलेला कागद सहीला घेऊन आला, तर हात पांघरुणात घाल.

आता पंचवीस टक्के. वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं, याला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे. सगळे घेतात, हे मला सांगू नकोस. सगळे घेतात म्हणूनच लिहितोय.

माझा चुलतभाऊ नाईक होता, रजेवर असताना रस्ता अपघातात गेला. मी तेव्हा ईशान्येला, पत्र पोचेपर्यंत इकडे सगळं आटोपलेलं. वहिनीची केस एका वकिलानं टक्क्यांवर घेतली, लोक अदालतीत तडजोड झाली, तिनं सही केली. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. वकिलाला घाई होती, कारण वीस वर्षं लागोत की वीस महिने, त्याचा वाटा ठरलेला. लवकर सुटलं तर बरं. रजेवर आलो तेव्हा तिनं ट्रंकेतून चेकबुक काढून दाखवलं. दोन पानं फाडलेली, आणि मागे उरलेल्या पट्ट्यांवर ना तारीख ना रक्कम, नुसत्या कोऱ्या. "भावजी, सही करून ठेवा म्हणाले, पैसे आले की हिशोब होईल." आता सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात टाकायला सांगितलंय, चांगलं झालं. पण खात्यात आलेले पैसे कोऱ्या चेकनं बाहेर जायला किती वेळ लागतो? तो वकील होता कुणाचा? वहिनीचा नव्हता. स्वतःच्या वाट्याचा होता.

तेव्हापासून मी हटून बसलोय: फी ठरलेली, टप्प्यानं, पावतीसकट. दाखल करताना थोडी, पुरावा झाल्यावर थोडी, युक्तिवादाआधी उरलेली. पैसे तू दिलेस की तो तुझा. पटलं नाही तर बदलता येतो, आणि फी राहिली म्हणून तो तुझी फाईल अडवून ठेवू शकत नाही, सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय.

गावात काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. "सुभेदारांना वकिलांकडून कमिशन मिळतं, म्हणून पोरांना पैसे खर्च करायला लावतात." बोलू देत. मी कुणाचं नाव सुचवत नाही, तुलाही सुचवणार नाही. चन्नम्मा चौकात कोर्टाच्या आवारात जा, क्लेमच्या केसेस चालवणाऱ्या चार जणांना भेट, आणि जो तुझे कागद मागण्याआधी तुझी सही मागेल त्याला सोडून दे. माझ्या सख्ख्या भावानं याच विषयावरून माझ्याशी बोलणं टाकलं. त्याच्या जावयाला मी टक्केवारीवर सही करू दिली नाही, केस लांबली, आणि दोष माझ्यावर आला. शेवटी निकाल लागला तेव्हा पूर्ण रक्कम पोराच्या खात्यात गेली, पण ते सांगायला भाऊ काही आला नाही. मी आजही तेच करीन.

"मग फुकट मदत घेऊच नये का?" असं विचारशील. घे की. 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिवशी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली, सैनिक बोर्डांत कायदेशीर सल्ल्याची केंद्रं उघडायची ठरवली. सल्ला घ्यायला, अर्ज समजून घ्यायला जरूर जा. वहिनीसारखी बाई असती तर मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्वतः नेऊन बसवली असती. बायकांना आणि अपंगांना तिथे उत्पन्न न बघता वकील मिळतो. तुझा पगार चालू आहे. पगार असलेल्या जवानानं आपला वकील आपल्या पैशानं करावा, असं माझं मत आहे. मत आहे, नियम नाही.

पगार चालू आहे, हेच कंपनीचा वकील तुझ्यावर उलटवणार: "नोकरी आहे, इलाज मिलिटरी हॉस्पिटलात मोफत, नुकसान कसलं?" तुझ्या वकिलाला याचं उत्तर पाठ हवं. शिपाई-नाईकाची नोकरी साठाव्या वर्षापर्यंत नसते. बाहेर पडल्यावर सिक्युरिटी असो की शेती, हा पाय घेऊनच करायची आहे. लो मेडिकल कॅटेगरीमुळे प्रमोशन अडतं. 2010 च्या राजकुमार निकालात कोर्टानं हेच म्हटलंय की अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानाची टक्केवारी नव्हे, त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ज्या आकड्यानं गुणतात, तो गुणक तुझ्या वयाला 18 आहे. नुकसानाचा एकेक टक्का अठरापट होऊन कागदावर येतो. म्हणून मेडिकल बोर्डाचा प्रत्येक कागद, एक्स-रे, डिस्चार्ज स्लिप, कॅटेगरीचा आदेश, सगळ्याच्या झेरॉक्स घरी. वकिलाला झेरॉक्स द्यायची. मूळ कागद कोर्टात लावताना यादी करून, पोच घेऊन.

मुदत: अपघातापासून सहा महिने. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण कुणाच्या तरी आव्हानाच्या भरवशावर तू राहू नकोस. दावा राहत्या पत्त्यावरूनही लावता येतो, त्यामुळे तुझं पोस्टिंग कुठेही असलं तरी केस आपल्या भागातच ठेव.

तारखांना रजा मिळेल का, ही तुझी काळजी. दिवाणी प्रक्रिया संहितेत 28 वा आदेश आहे: रजा न मिळणारा सैनिक आपल्या कमांडिंग ऑफिसरसमोर लेखी अधिकार देऊन वडिलांना किंवा बायकोला आपल्या जागी दावा चालवायला उभं करू शकतो. हा दिवाणी दाव्यांसाठीचा आदेश, तरी त्याच धर्तीवर न्यायाधिकरणात अर्ज करता येईल का हे तुझ्या वकिलाला विचार. त्यानं या आदेशाचं नावच ऐकलं नसेल तर दुसऱ्या वकिलाकडे जा.

मामांना तू उत्तर देऊ नकोस, मी देतो. तू बॅगेचं बघ, आणि डिस्चार्ज स्लिपवर "रस्ता अपघात" असं लिहिलंय की नुसतं "फॉल" (पडला), ते वाचल्याशिवाय वॉर्डातून बाहेर पडू नकोस. फॉल लिहिलं असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरसाहेबांना भेटून दुरुस्त करून घे. नंतर होत नाही.

तुझा,
सुभेदार काका